रिकाम्या जागा भरा

१७ जानेवारी २००४, शनिवार

मिठाची एक पिशवी न आणल्याची खरी किंमत: उजवा घोटा, दोन ठिकाणी मोडलेला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. सहा आठवडे गाडी बंद. बेडरूम वरच्या मजल्यावर, म्हणून झोपायला फॅमिली रूममधला सोफा. आणि शैलजाचं 'मी म्हटलं होतं', जे अजून संपलेलं नाही.

ड्राइव्हवेवर बर्फ होता हे मान्य. तो वितळावा म्हणून मीठ टाकायला हवं होतं हेही मान्य. पण अमेरिकेत अठ्ठावीस हिवाळे काढल्यावर बर्फ कुठे निसरडा आहे ते मला बुटाच्या आवाजावरून कळतं. परवाही कळलं होतं. फक्त कळणं आणि पडणं एकदमच झालं.

१९ जानेवारी, सोमवार

संकल्प. ऑफिसला दिवसातून दोनच फोन. चहात साखर नाही. बसल्या जागी व्यायाम. रोज डायरी.

सकाळी ११. ऑफिसला चार फोन झाले. दोन माझे, दोन त्यांनी उचलले नाहीत म्हणून पुन्हा केलेले. ते मोजत नाही.

तिकडे एडिसनच्या ऑफिसात काय चाललं असेल देव जाणे. चौदा खुर्च्या, चौदा हेडफोन. डॉक्टर पेशंट तपासून टेपवर बडबडतात, आमची माणसं ऐकून टाइप करतात. मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन. सांगायला सोपं आहे. डॉक्टर बेगल चावत बोलतात, एलेव्हेटरमध्ये बोलतात, एक तर अंघोळ करताना बोलतो असा माझा संशय आहे. मिरजेत डॉक्टरांच्या हाताखाली केसपेपर लिहिता लिहिता हे कान तयार झाले. डॉक्टर जेवून बोलतोय की उपाशी, हे मी पहिल्या वाक्यात सांगतो.

राजेश मॅनेजर. नागपूरचा. चांगला मुलगा आहे, पण स्वतःचं डोकं चालवत नाही, आणि ते मला आवडतं. मी एक गोष्ट सांगावी आणि तासाभरात त्याचं 'झालं सर' यावं. माझ्या शब्दाशिवाय त्या ऑफिसात स्टेपलर हलत नाही.

दुपारी ३. त्याला विचारलं, माझ्यावाचून अडचण होत असेल ना. म्हणाला, तुम्ही आराम करून घ्या न सर, इकडचं होऊन जाते. बिचारा. मला वाईट वाटू नये म्हणून.

२२ जानेवारी, गुरुवार

इलाचा फोन. लेकीने आईला, म्हणजे शैलजाला केला होता. आई लॅबमध्ये, म्हणून मी मिळालो.

इला पीएचडी करते. पॅसिफिक समुद्रात वाइलेपा नावाचं बेट आहे, तिथली भाषा. मंडळात कोणी विचारलं तर मी 'कम्युनिकेशन्स' म्हणतो आणि विषय बदलतो. नऊ महिने तिथे राहून तिने म्हाताऱ्यांच्या गोष्टी रेकॉर्ड केल्या, तिथेच बसून हाताने उतरवल्या, प्रत्येक ओळीखाली इंग्रजी. आता ते सगळं टेपशी ताडून कॉम्प्युटरवर घ्यायचंय. टाइप करणारा मुलगा मध्येच सोडून गेला. १ मार्चपर्यंत चॅप्टर कमिटीकडे गेला नाही तर फेलोशिपचं पुढचं वर्ष जाईल. आवाज रडवेला होता. ती नाही म्हणाली, पण हे कान आहेत.

मी म्हटलं, टेप ऐकायची? टाइप करायचं? इला, तू फोन कोणाला केलायस?

म्हणाली, आईला.

  ही मुलगी माझ्याकडे काही मागत नाही. मी देतो, ती थँक्स म्हणते, आणि ते कपाटात जातं. शेवटी म्हणाली, ओके बाबा, पण प्लीज, तुझ्या स्टाइलने नको.

माझी स्टाइल म्हणजे काय ते नंतर विचारेन.

२५ जानेवारी, रविवार

इला येऊन गेली. एक खोका ठेवून. पिवळे कागद, पेन्सिलचं अक्षर, मिठाचे पांढरट डाग. समुद्राचं मीठ. (शैलजा म्हणाली, बघा, तिकडे भरपूर आहे.) सोबत त्या टेपांच्या सीड्या.

सूचना तीन वेळा दिल्या. बाबा, एक्झॅक्टली जे दिसतं ते टाइप कर. काही इम्प्रूव्ह करू नकोस. मी म्हटलं, एक्झॅक्टली या शब्दावर मी घर बांधलंय. मग कागदावरच्या खुणा दाखवून सांगायला लागली की हे चिन्ह म्हणजे अमुक. मी म्हटलं, बाळा, मी तीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचतोय. ती थांबली. खोका माझ्या हातात देताना दोन्ही हातांनी दिला. तिला जायचं होतं, तरी दारात उभी राहून खोक्याकडे बघत होती.

संकल्प: दहा दिवसांत संपवून तिला थक्क करायचं. थीसिसच्या पहिल्या पानावर आभार असतात असं ऐकतो. मराठी नाव नीट छापलं जावं म्हणून स्पेलिंग लिहून द्यावं का?

२७ जानेवारी, मंगळवार

राजेशने ऑफिसातलं माझं पायाचं पेडल पाठवलं. दाबलं की टेप चालते, टाच दाबली की मागे जाते. उजवा पाय प्लास्टरमध्ये. डाव्या पायाला तीस वर्षांत हे काम कधी दिलं नव्हतं, आणि तो ते जाणून आहे. पुढे म्हटलं की मागे जातो.

पहिली सीडी. एक म्हातारी बोलते. इलाने नाव लिहिलंय नेने. मागे कोंबड्या, लाटा, आणि एक कोणी सतत हसणारा. भाषेतलं अक्षरही कळत नाही, पण बाई पहिल्या दर्जाची डिक्टेटर. घाई नाही, चावणं नाही.

कागदावर मात्र भलताच प्रकार. जिथे तिथे तिरपी रेघ मारलेलं शून्य. 'शून्य खाली गेला. शून्य बसला. शून्य दोरी नाही बांधली.' एकेका पानावर वीस वीस. पोरीला ऐकूच आलं नाही वाटतं. वारा होता, लाटा होत्या, वय लहान. मला भरून आलं. नऊ महिने एकटी, आणि कोणाला विचारणार?

३० जानेवारी, शुक्रवार

घरात आठ तास एकटा. शैलजा साडेसातला जाते. माझ्या गाडीच्या किल्ल्या दाराजवळच्या खुंटीला लटकतात, मी त्यांच्याकडे बघतो. खिडकीतून हरणं दिसतात. ती पाहिजे तिकडे जातात.

आमच्या धंद्याचा पहिला नियम: ब्लँक ठेवायचा नाही. डॉक्टर 'छातीत दुखत नाही म्हणतो' एवढंच बोलला तर आपण लिहायचं 'पेशंटच्या छातीत दुखत नाही असे पेशंट म्हणतो.' कोण, ते स्पष्ट पाहिजे. उद्या कोर्टात गेलं तर? ब्लँकवाला रिपोर्ट मी हॉस्पिटलला पाठवला असता तर आज मिरजेत असतो.

दुसरा नियम: डॉक्टर एकच वाक्य दोनदा बोलला तर एकदाच टाइप करायचं. ही म्हातारी प्रत्येक वाक्य दोनदा बोलते. 'खाली गेला. खाली गेला, मग बसला. बसला, मग ओरडला.' वय झालं की होतं. माझी आईही असंच करायची.

इलाने इम्प्रूव्ह करू नको म्हटलंय. पण हे इम्प्रूव्हमेंट नाही. ही दुरुस्ती आहे. बापाने नाही करायची तर कोणी?

निर्णय: शून्यांच्या जागी नावं. दुहेरी वाक्यं एकेरी.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मोठी गोष्ट हातात आली. चॅप्टर हिच्यावरच आहे असं इला म्हणाली होती. दोन मेहुणे, तोआ आणि लिको. ओहोटीला होडी घेऊन समुद्रातल्या खडकावर कालवं काढायला जातात. नावं अगदी सुरुवातीला एकदा येतात, मग सगळी शून्यं. कोणीतरी होडी बांधायला विसरतं. होडी वाहत जाते. एक जण पोहत होडीमागे. दुसरा खडकावर अडकलेला, भरती चढतेय, पाणी गुडघ्याला, कमरेला. तिथून तो मोठ्याने हुकूम सोडत राहतो, ऐकायला कोणी नाही. मागचा माणूस इथे हसून हसून खोकतो.

मग कोण अडकलं? मी मागचा पुढचा विचार केला. तोआ थोरला, होडी त्याची, सगळ्यांना कामाला लावतो. असा कर्ता माणूस होडी बांधायला विसरणार नाही. लिको धाकटा, ऐकत नाही. म्हणजे विसरला लिको, अडकला लिको, आणि पोहत जाऊन होडी आणली तोआने. शंका घेण्यासारखं काही नाही.

शैलजा भाजी चिरत होती. मी हेडफोन काढून टेप मोठ्याने लावली, खालचं इंग्रजी वाचून दाखवलं. थोडा वेळ ऐकून म्हणाली, तो अडकलेला हिचा नवरा आहे वाटतं.

मी म्हटलं, तुला भाषा येते?

म्हणाली, भाषा कशाला यायला हवी.

बायकांना पुरावा लागत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसातून तीन दिवस फोन नाही. काहीतरी गंभीर असणार, मला कळू देत नाहीयेत.

नवीन निरीक्षण. शैलजा रोज संध्याकाळी बहिणीशी बोलते. मी ऐकत नाही, ऐकू येतं. झोपलेत. उठले की चहा मागतील. साखर नको म्हणतात आणि दोन चमचे घालून घेतात. अर्धा तास बोलली, माझं नाव एकदाही नाही, आणि बहिणीला एकदाही विचारावं लागलं नाही की कोण. म्हणजे घरातलं मुख्य पात्र ठरलेलं आहे. मुख्य पात्राचं नाव घ्यायची गरज पडत नाही. बरं वाटलं.

मग म्हणाली, आवाज फार करतात, गरम पटकन होतात, वय झालंय, आता बदलायलाच हवेत. पुढे कळलं की बॉयलर आणि त्याचा पंप.

८ फेब्रुवारी, रविवार

शैलजा ग्रोसरीला तिच्या मैत्रिणीबरोबर गेली. माझी गाडी दारात. एडिसन पंचवीस मैल. डावा पाय आता पेडलला सरावलाय. रविवारचा ट्रॅफिक नसतो. ऑफिसात एक चक्कर टाकून तासाभरात परत, कोणाला कळणारही नाही.

दुपारी २. ड्राइव्हवेच्या टोकाला खांबावर मेलबॉक्स आहे, तिथपर्यंत गेलो.

दुपारी ४. मेलबॉक्स तसाही जुना होता. शैलजाने किल्ल्या खुंटीवरून काढल्या. कुठे ठेवल्या ते सांगत नाही. बोलत नाही म्हणून 'मी म्हटलं होतं'ही नाही. हे जास्त वाईट आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

संपलं! दहा दिवस म्हटलं होतं, जरा जास्त लागले, पण डाव्या पायाने. एकही ब्लँक नाही. एकही वाक्य दोनदा नाही. प्रत्येक वाक्यात माणूस नावानिशी हजर. मजकूर अर्ध्यावर आला आणि दुप्पट स्पष्ट झाला. मूळ टेपपेक्षा माझी कॉपी सरस आहे, हे म्हातारीलाही मान्य करावं लागेल. इलाला ई-मेल केलं. खाली लिहिलं, अॅक्युरसी ९९.८.

राजेश चेकवर सह्या घ्यायला आला. येताना ओक ट्री रोडवरून फरसाण आणलं. खोका त्याच्याकडे दिला. तिसरा नियम: डिलिव्हरी झाली की मूळ कागद नष्ट. गेल्या वर्षापासून पेशंटच्या कागदांबद्दल कायदाही कडक झालाय. कागदांचा भुगा करणारा श्रेडिंगचा ट्रक सोमवारी येतो. म्हटलं, आजच बिनमध्ये टाक. म्हणाला, इलाचं आहे न सर हे? मी म्हटलं, क्लायंट कोणीही असो, नियम एक. तासाभराने फोन करून विचारलं. झालं सर.

अशी माणसं घडवावी लागतात.

१८ फेब्रुवारी, बुधवार

इलाचा फोन! जर्सी सिटीला मेरेनीकडे बसलीय. मेरेनी मूळची त्या बेटावरची, नवरा जहाजावर इंजिनिअर, इलाचा मजकूर ती तपासते. मागे कोणी बाई मोठमोठ्याने हसत होती. एवढी खूश झाली तर. इला एकच वाक्य म्हणाली, बाबा, डोंट टच एनिथिंग, मी उद्या येते.

उद्या! कामाच्या दिवशी! शैलजाला श्रीखंड आणायला सांगितलं. ती म्हणाली, आवाज खुशीचा होता का? मी म्हटलं, गहिवरला होता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

श्रीखंड फ्रिजमध्ये आहे.

इलाने कोटही काढला नाही. सोफ्याच्या कडेला बसली, माझा प्रिंटआउट मांडीवर. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

म्हणाली, बाबा, द ब्लँक्स वेअर द होल पॉइंट.

मग हळूहळू सांगितलं, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, मिरजेच्या पेशंटला डॉक्टर सांगतात तसं. तिकडे गोष्ट सांगताना माणसाचं नाव एकदा घेतात, मग घेत नाहीत. तरी ऐकणारा चुकत नाही. का चुकत नाही, हाच तिचा विषय. क्रियापदाला एक बारीक शेपूट असतं, ते सांगतं की अजून तोच माणूस चाललाय. आणि मागचं वाक्य पुन्हा म्हणणं म्हणजे ऐकणाऱ्याचा हात धरून पुढच्या पायरीवर नेणं. बसला. बसला, मग ओरडला. नाव कुठे घेत नाहीत, ती प्रत्येक जागा तिने नेनेच्या अंगणात बसून, तिला विचारून विचारून, रेघ मारलेल्या शून्याने दाखवली होती. मी ती सगळी शून्यं भरली. आणि सगळे हात सोडवले.

मेरेनी आधी हसली म्हणे. मग हसायची थांबली. आमच्याकडे एखाद्याचं नाव दर वाक्यात फक्त मुखियापुढे आरोपी उभा असताना घेतात, म्हणाली. शिवाय मी चुकीच्या माणसाला खडकावर उभं केलं. होडी बांधायला तोआ विसरला होता. खडकावर हुकूम सोडत तोआच उभा होता. तोआ नेनेचा नवरा. मागे हसणारा म्हातारा तोच.

शैलजा ओट्याशी होती. काहीही बोलली नाही. तिचं न बोलणं मी स्वच्छ ऐकलं.

इला म्हणाली, इट्स ओके, माझे शीट्स दे, मी रीटाइप करते, दहा दिवस आहेत.

मी सांगितलं.

ती उठून बाहेर गेली. गाडीत जाऊन बसली. इंजिन सुरू केलं नाही. मला खिडकीतून दिसत होती, आणि मला तिथपर्यंत जाता येत नव्हतं. कुबड्या किचनमध्ये राहिल्या होत्या. पण कुबड्या असत्या तरी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नेने डिसेंबरात गेली. हे मला काल रात्री जेवताना कळलं. म्हणजे पुन्हा विचारायला कोणी नाही. टेपा आहेत, पण बोलणारीला विचारून केलेल्या खुणा त्या कागदांवरच होत्या.

राजेशला फोन केला. सरळ विचारायची लाज वाटली. म्हटलं, मागच्या शनिवारचं ते, झालं ना? म्हणाला, झालं सर. मी म्हटलं, ट्रक सोमवारी आला? म्हणाला, आला न सर, वेळेवर.

माझ्या चोख शिस्तीला पहिल्यांदाच शिवी दिली. मनात.

२३ फेब्रुवारी, सोमवार

इला इथेच राहिलीय. वरच्या तिच्या जुन्या खोलीत, टेप ऐकून आठवणीने शून्य घालत बसते. मला जिना चढता येत नाही. ती पाण्याला खाली येते तेव्हा मी काहीतरी काम करत असल्याचं दाखवतो.

संकल्प: मीही करायचं. माझ्या फाइलमधून नावं काढायची आणि टेप पुन्हा ऐकायची. नेमकं, दिसेल तेच.

दुपारी १२. 'तोआ' शोधून सगळे एका बटणात काढले. आता सुरुवातीचा खरा तोआही गेला. गोष्ट कोणाचीच राहिली नाही. परत घातले.

दुपारी ४. एकेक करून काढतोय. ऐकलेलं लिहायची इतकी सवय आहे की न बोललेलं ऐकायला कान तयार नाहीत. पेडल दाबतो, मागे जातो, पुन्हा. डाव्या पायाला गोळे आलेत. खडक, पाणी, हुकूम सोडणारा माणूस. ही सीडी मला आता नको वाटते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

शोध लागला! माणूस बदलायच्या आधी म्हातारी श्वास आत घेते. बारीक, जेमतेम. तोच माणूस चालू असेल तर घेत नाही. दहापैकी नऊ वेळा. कोणालाही ऐकू आलं नसतं. शैलजाला हाक मारली, तिने इलाला, इला खाली आली. मी हेडफोन तिच्या कानाला लावला.

ऐकलं. म्हणाली, हो बाबा, ते चॅप्टर टूमध्ये आहे.

पण गेली नाही. खुर्ची ओढून बसली. एका जागी वारा फार आहे, तिथे शेपूट आहे की नाही तिला तीन दिवस ठरवता येत नव्हतं. मला लावून दिलं. मी सहा वेळा ऐकलं. म्हटलं, आहे. वाऱ्याखाली, ओठ मिटल्यासारखं. तिने लिहून घेतलं. पुढची जागा लावली. संध्याकाळपर्यंत असे आम्ही बसलो. मी फक्त आहे किंवा नाही म्हणायचं, भर घालायची नाही. दोनदा घातली, दोनदा तिने नुसतं बघितलं.

जाताना म्हणाली, सोमवारपर्यंत अर्धंही होणार नाही, बाबा. चिडून नाही. आकडा सांगावा तसं.

शैलजाने श्रीखंडाचे दोन वाडगे आणून ठेवले. इलाने खाल्लं. 

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी १०. ठरवलंय. राजेश सह्यांना येईल तेव्हा त्याच्यासमोर, इलासमोर सांगायचं की चूक नियमाची होती आणि नियम माझा होता. वाक्य चांगलं झालंय. दोनदा म्हणून पाहिलं.

दुपारी १. राजेश आला. दार इलाने उघडलं. मी सोफ्यावर वाक्य जुळवत होतो, तोवर ते दोघं किचनमध्ये पोचले. इला विचारत होती, ते श्रेडिंगवाले कुठले, त्यांच्याकडे तुकडे तरी मिळतील का. रडत नव्हती, पण जवळ आली होती.

राजेश म्हणाला, कोणते, पिवळे कागद? माझ्या गाडीत हाये न खोका. मागच्याच शनिवारी आणायचा होता, पण तू आली हे मला कोणी सांगितलंच नाही.

 मग दार. मग इला खोका दोन्ही हातांनी घेऊन आत आली, कागद जमिनीवर पसरले, आणि शून्यांवरून बोट फिरवत बसली. शैलजा तिच्या बाजूला जमिनीवर. सोमवारपर्यंत होईल, इला म्हणाली. रीटाइप करायला राजेश आणि ऑफिसातली रेणू आज रात्रीपासून बसणार आहेत. रेणूशी त्याने फोनवर ठरवूनही टाकलं. मला कोणी विचारलं नाही.

मी राजेशला म्हटलं, तू तर झालं सर म्हणालास. त्या शनिवारीही आणि मागच्या शुक्रवारीही.

तो फरसाणाचं पाकीट फोडत होता. म्हणाला, सर, तुम्ही फेकून दे, फाडून टाक म्हणता ते आम्ही लगेच नाही फाडत. ठेवतो. बरेचदा लागते मागून. त्याच्यासाठी ऑफिसात वेगळं कपाट आहे, चार वर्षं झाली.